घरातल्या व्हिटॅमिनच्या डब्यांचा हिशोब कसा लावायचा (मी एकदा चुकवला होता)

आमच्या इंदूरला सल्ला फुकट मिळतो आणि पोह्यांवर शेव पडते तसा वरून भुरभुरवला जातो. केस गळतायत? बायोटिन घे. थकवा आहे? बी१२ घे. गुडघे दुखतात? डी घे, ‘अरे भिया, व्हिटॅमिनच तर आहे, कुछ नहीं होता’. मीही हेच म्हणायचो. गेली सात-आठ वर्षं आमच्या घराच्या, दोन काकूंच्या आणि शेजारच्या आजोबांच्या गोळ्यांचं खातं मीच सांभाळतोय, आणि जे शिकलो ते बहुतेक चूक करूनच शिकलो. मी डॉक्टर नाही. पण गोळी घ्यायची की नाही हे डॉक्टरांनी ठरवल्यावर घरात जो गोंधळ होतो तो निस्तरायची सवय मला चांगलीच झालीये.

पहिलं काम, तपासणी. ज्याची कमी आहे तेच घ्यायचं, कमी आहे का ते रक्त सांगतं, शेजारीण नाही. डी, बी१२, हिमोग्लोबिन आणि लागलं तर फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बस. शाकाहारी घर असेल, किंवा शुगरची मेटफॉर्मिन नाहीतर अ‍ॅसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर बी१२ नक्की बघा, या गोळ्यांनी ते कमी होतं.

दुसरं, खरेदी. दवा बाजारातून घ्या नाहीतर ऑनलाइन, पण पूर्ण डबा घ्या ज्यावर बॅच नंबर आणि एक्सपायरी दिसते. सप्लिमेंट म्हणून विकलं जात असेल तर त्यावर एफएसएसएआयचा (सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा) १४ आकडी लायसन्स नंबर हवा. जिममधल्या ओळखीच्या माणसानी झिपलॉक पिशवीत दिलेली पावडर घेऊ नका, यावर जास्त बोलायची गरज नाही.

आता तिसरं, बेरीज. इथे जरा थांबा, कारण सगळे इथेच आपटतात आणि मीही इथेच आपटलो.

बाबांचं डी खूप कमी आलं होतं. डॉक्टरांनी ६०,००० आययूचे (आययू म्हणजे व्हिटॅमिन मोजायचं माप) सॅशे दिले, आठवड्यातून एक, आठ आठवडे. अगदी नेहमीचं प्रिस्क्रिप्शन, अर्ध्या इंदूरच्या घरात असेल. मी ऑनलाइन बघितलं तर जास्त घेतले की डिस्काउंट, म्हणून आठाच्या जागी सरळ पन्नास मागवले, पुढे आईलाही लागतीलच म्हणून. खोकी जागा अडवतात म्हणून ती फेकली आणि सॅशे मोकळे करून एका रिकाम्या कॉफीच्या बरणीत भरले. बरणी ठेवली ओट्यावर साखरेच्या डब्याशेजारी, आणि ऑफिसला जाता जाता बाबांना म्हटलं, ‘दुधातून घ्यायचं बरं का’. बाबा दूध रोज घेतात. झालं. त्यांनी दुधातून घेतलं, रोज, आणि त्याला संत्र्याची चव होती म्हणून आवडीनी घेतलं.

शिवाय गुडघ्यासाठी मेडिकलवाल्यानी दिलेली कॅल्शियमची गोळी चालू होती, तिच्यातही डी३ होतं. शिवाय आतेभाऊ अमेरिकेहून येताना मोठी बाटली घेऊन आला होता, तिच्यातही डी३. तिघांनी तीन ठिकाणहून दिलेलं, प्रत्येकाचं मन चांगलं, आणि बेरीज कोणीच केली नाही.

साधारण सव्वा महिन्यानी बाबांना मळमळायला लागलं. मग बद्धकोष्ठ, मग तहान इतकी की रात्री तीनदा उठून तांब्या भरायचे, आणि मग एक दिवस मला आत्याच्या नावानी हाक मारायला लागले. आम्हाला वाटलं ऊन लागलं, मे महिना होता. अ‍ॅडमिट केल्यावर रक्तात कॅल्शियम १३ च्या वर निघालं, जे साधारण साडेआठ ते साडेदहा असायला हवं, आणि किडनीचे आकडेही बिघडलेले. डॉक्टरांनी विचारलं कोणती औषधं चालू आहेत, मी म्हटलं बीपीची एक गोळी, बाकी काही नाही. ‘बाकी काही नाही’ हे मी अगदी छातीठोकपणे म्हटलं होतं! ते कोडं आईमुळे सुटलं. आई काहीही फेकत नाही, तिनी रिकामे सॅशे धुऊन, वाळवून, रबरबँड लावून खणात ठेवले होते, चमकतात छान म्हणून. वॉर्डातल्या त्या पलंगावर बसून मी ते मोजले. एक्केचाळीस.

आता आकडा समजून घ्या. मोठ्या माणसाला डी दिवसाला साधारण ६०० आययू लागतं, आयसीएमआर-एनआयएन या सरकारी पोषण संस्थेच्या २०२० च्या तक्त्यात तेच आहे. म्हणजे एक सॅशे हा १०० दिवसांचा हिशोब. एक्केचाळीस सॅशे म्हणजे साडेचोवीस लाखांच्या वर, अकरा वर्षांचं डी सहा आठवड्यांत! डी जास्त झालं की रक्तात कॅल्शियम चढतं, ते असं चढलं. सलाइन लावून, डी, कॅल्शियम आणि दूधसुद्धा बंद करून पाच दिवसांत घरी सोडलं, पण डीचा आकडा खाली यायला महिने गेले, कारण ते चरबीत साठून बसतं आणि सावकाश बाहेर येतं.

तेव्हा मला सगळ्यात जास्त राग आला तो ‘जास्त झालं तर लघवीतून निघून जातं’ या वाक्याचा. मीच ते शंभर वेळा ऐकवलेलं होतं लोकांना. सी आणि बी गटातलं बरंचसं निघून जातं, खरं आहे. ए, डी, ई, के निघून जात नाहीत, ती साठतात. म्हणून बी१२ च्या गोळीवर १५०० मायक्रोग्रॅम लिहिलेलं बघून घाबरू नका, गरज दोनच्या आसपास असली तरी गोळीतलं थोडंसंच आत जातं आणि बाकीचं त्रास देत नाही, पण डी आणि ए चे आकडे मात्र पैशासारखे मोजा. आणि बी गटातही एक दगाबाज आहे, बी६. हातापायाला मुंग्या येतात म्हणून ‘नसांची गोळी’ देतात ना, तिच्यात ते असतं, आणि खूप जास्त डोस खूप दिवस घेतला तर त्यानीच पायाला मुंग्या येतात. अमेरिकेत त्याची वरची मर्यादा दिवसाला १०० मिलीग्रॅम धरतात, युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनी २०२३ मध्ये ती १२ वर आणली. मुंग्या वाढल्या म्हणून आणखी एक गोळी वाढवणारे लोक मी बघितलेत.

तर बेरीज अशी करायची. रविवारी सकाळी पोहे-जिलेबी झाल्यावर घरातला प्रत्येक डबा, बाटली, स्ट्रिप, चूर्ण, पर्समधल्या गमीज, सगळं डायनिंग टेबलवर काढा. प्रोटीन पावडर आणि दुधात घालायची पावडरसुद्धा, त्यातही व्हिटॅमिन घातलेले असतात. एक वही घ्या आणि माणूस एक, पान एक. प्रत्येक डब्याचं मागचं लेबल वाचा, पुढचं नाही, पुढे फक्त जाहिरात असते.

लेबल वाचताना तीन ठिकाणी फसायला होतं. एक, डीचा आकडा कुठे आययूमध्ये तर कुठे मायक्रोग्रॅममध्ये असतो, आणि १ मायक्रोग्रॅम म्हणजे ४० आययू. आतेभावाच्या बाटलीवर १२५ मायक्रोग्रॅम होतं, मला वाटलं किती कमी, ते ५,००० आययू निघालं. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय रोज ४,००० च्या वर जाऊ नये असं धरतात, म्हणजे ती एकटी बाटलीच मर्यादेच्या बाहेर. दोन, आकडा एका गोळीचा आहे की ‘सर्व्हिंग’चा, आणि सर्व्हिंग म्हणजे दोन गोळ्या की तीन. तीन, कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिलीग्रॅम लिहिलं असेल तर त्यात खरं कॅल्शियम ५०० च असतं. दिवसाची गरज १००० ची, त्यातलं निम्मं दोन ग्लास दुधातून येतं, मग वरून किती हवं ते तुम्हीच बघा.

वहीत नाव, काय आहे, किती आहे, कधी घ्यायची, कोणी सांगितली, एवढे रकाने सगळेच करतात. मी एक जास्त करतो, ‘कधीपर्यंत’. हा रकाना रिकामा राहिला तर ती गोळी त्या दिवशी बंद, डॉक्टरांना विचारेपर्यंत. माझं मत आहे, लोक नाही म्हणतात, पण आठ आठवड्यांचा कोर्स तीन वर्षं चालू असलेली घरं मी बघितली आहेत. (डॉक्टरांनी दिलेली बीपी, शुगर, थायरॉइड, मिरगी यांची औषधं या नियमात येत नाहीत, ती स्वतः बंद करायची नाहीत, कृपया.) आणि खोकं फेकू नका. आठवड्याची गोळी असेल तर कॅलेंडरवर वार लिहून त्या चौकोनात सॅशे टाचणीनी लावून टाका, बरणी-बिरणी नको.

चौथं, वेळ. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी, कॅल्शियम आणि आयर्न तिच्यापासून चार तास लांब. कॅल्शियम आणि आयर्न एकमेकांपासून दोन तास लांब. आयर्न चहाबरोबर घेतलं तर पैसे पाण्यात, लिंबूपाण्याबरोबर चांगलं लागतं. डी जेवणानंतर, ताटात थोडं तूप-तेल असताना.

पाचवं, ‘नॅचरल’. यावर माझं डोकं फिरतं. धोत्र्याचं फूलही नॅचरलच असतं, म्हणून त्याची कोणी भजी तळत नाही. कोविडच्या काळात गुळवेल घराघरात उकळली, आणि मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेणाऱ्यांच्या लिव्हरला सूज आल्याच्या केसेस छापल्या. आयुष मंत्रालयानी त्यावर आक्षेपही घेतला, वाद झाला, पण लिव्हरचा किंवा ऑटोइम्यून (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो) आजार असलेल्या माणसानी अशा वादाच्या मधे स्वतःला उभं करू नये. हळदीचंही तसंच, वरणातली हळद वेगळी आणि मिरीचा अर्क घालून शोषण वाढवलेली कॅप्सूल वेगळी. अशा कॅप्सूलनी आणि अश्वगंधानी लिव्हर बिघडल्याच्या नोंदी जगभरच्या डॉक्टरांनी केल्यात. अश्वगंधानी थायरॉइडचे आकडेही हलतात. मी आजीच्या औषधाच्या विरोधात नाही, थंडीत गराडू (तळलेला कंद) खाऊन झाल्यावर आमच्याकडे डिंकाचे आणि मेथीचे लाडू होतातच आणि मी दोन जास्त खातो. पण लाडू लाडू आहे, अर्क अर्क आहे. आणि ज्याच्यावर कंपनीचं नाव नाही, लायसन्स नाही, फक्त ‘गुप्त नुस्खा’ आहे अशी भस्माची पुडी तर अजिबात नाही, शिसं आणि पारा जिभेला कळत नाही.

सहावं, कोणी कोणी स्वतःच्या मनानी काहीच सुरू करू नये, त्यांची यादी. गरोदर बाई (व्हिटॅमिन ए जास्त झालं तर बाळाला धोका, म्हणून कॉड लिव्हर ऑइलही नाही), किडनीचा पेशंट, मुतखडा होऊन गेलेला, रक्त पातळ करायची गोळी घेणारा. वॉरफरिन किंवा अ‍ॅसिट्रोम चालू असेल तर व्हिटॅमिन के असलेली मल्टिव्हिटॅमिन गोळीसुद्धा सगळं गणित बिघडवते. बिडी-सिगरेट ओढणाऱ्यांनी बीटा-कॅरोटीनच्या (गाजरातलं केशरी द्रव्य, शरीरात त्याचं व्हिटॅमिन ए होतं) गोळ्या घेऊ नयेत, फिनलंडच्या मोठ्या अभ्यासात, १९९४ चा आहे, अशा लोकांत फुप्फुसाचा कॅन्सर कमी व्हायच्या ऐवजी वाढलेला निघाला. गाजर खा, त्याला हरकत नाही.

सातवं, रक्त तपासायला द्यायच्या आधी बायोटिन बंद, त्यानी रिपोर्ट चुकतो, निदान दोन दिवस, डोस मोठा असेल तर लॅबला विचारून जास्त दिवस. माझी भाची केसांच्या, म्हणजे बायोटिनच्या, गमीज खात होती आणि तिचा थायरॉइडचा रिपोर्ट असा काही आला की घरात रडारड. गमीज बंद करून आठवड्यानी परत केला तर नॉर्मल. ऑपरेशन ठरलं असेल तर फिश ऑइल, लसणाच्या कॅप्सूल, व्हिटॅमिन ई, सगळं सर्जनला आधी सांगायचं.

ठेवायची जागा: कोरडी, अंधारी, आणि नातवंडांच्या हाताला न लागणारी. आयर्नची लाल गोळी लहान पोराला चॉकलेट वाटते आणि मूठभर खाल्ली तर जीवावर बेतते. गिळली असेल तर लक्षणांची वाट बघत बसू नका, डबा घेऊन थेट हॉस्पिटल.

आणि मोठ्यांच्या बाबतीत, काहीही चालू असताना मळमळ, खूप तहान, बद्धकोष्ठ, बरळणं, किंवा डोळे पिवळे आणि लघवी गडद असं दिसलं तर सगळ्या जास्तीच्या गोळ्या थांबवा आणि त्याच दिवशी दाखवा. जाताना वहीचं पान न्या, आणि एका पिशवीत सगळे डबे न्या, चूर्णं न्या, रिकामे सॅशे सुद्धा न्या. डॉक्टर ‘काय चालू आहे?’ म्हणाले की तोंडानी काही सांगायचं नाही, पिशवी टेबलवर उलटी करायची.