जुना व्हॉल्व्ह अ‍ॅम्प: परवडणारा कसा शोधावा आणि वाजवावा कसा

गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या जुन्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्पचा स्विच लावला की लगेच काहीच होत नाही. मागून डोकावलं तर काचेच्या नळ्यांमध्ये (यांनाच व्हॉल्व्ह म्हणतात) नारिंगी तार हळूहळू तापताना दिसते, दहा-पंधरा सेकंदांनी स्पीकरमधून बारीकशी घूं ऐकू येते आणि मग गिटारचा पहिला सूर उमटतो. बोट हलकं पडलं तर स्वच्छ, जोरात पडलं तर कडेने किंचित फाटलेला. या एका गोष्टीसाठी माणसं पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या पेट्या शोधत फिरतात. ही पेटी महागच असते असं नाही, पण पैसे कुठे खर्च करायचे आणि कुठे नाही, हे आधी पक्कं करायला हवं.

माझं पहिलं सांगणं असं: हातात असलेल्या रकमेचे दोन भाग करा. एक अ‍ॅम्पसाठी आणि दुसरा, निदान चौथाई तरी, घेतल्याबरोबर करायच्या दुरुस्तीसाठी. मी पहिल्या अ‍ॅम्पला सगळी रक्कम घातली आणि तो चार महिने घूं घूं करत कोपऱ्यात पडून राहिला. दुरुस्ती लागणार की नाही, हा प्रश्नच नसतो. ती लागतेच.

कोणते बघावेत

नाव मोठं तेवढी किंमत मोठी, म्हणून नावाच्या शेजारी बघा. अमेरिकी फेंडर कंपनीचे, बटणांमागची पट्टी काळी असलेले अ‍ॅम्प संग्राहक उचलतात. १९६८ पासूनचे चंदेरी पट्टीचे त्या मानाने स्वस्त मिळतात. फेंडरच्याच छोट्या चॅम्पमध्ये तर पट्टीचा रंग बदलला तरी आतलं सर्किट जवळपास तेच राहिलं: एक १२एएक्स७ (सिग्नल वाढवणारा छोटा व्हॉल्व्ह), एक ६व्ही६ (स्पीकर चालवणारा मोठा), एक रेक्टिफायर व्हॉल्व्ह (एसी विजेची डीसी करणारा), आठ इंची स्पीकर आणि पाच-सहा वॉट. फेंडरचाच लाल अक्षरांचा ब्रॉन्को दिसला तर पुढे जाऊ नका. तो नवशिक्यांच्या गिटारसोबत विकला जायचा, पण आत व्हायब्रो चॅम्पच (थरथरत्या आवाजाची सोय असलेला चॅम्प) आहे.

दुसरी वाट म्हणजे अमेरिकेतल्या दुकानांच्या साखळ्यांनी स्वतःच्या नावाने विकलेले अ‍ॅम्प. सीअर्सच्या सिल्व्हरटोनपैकी बरेच डॅनइलेक्ट्रोने बनवले. माँटगोमेरी वॉर्डच्या एअरलाइनपैकी बरेच शिकागोच्या व्हॅल्को कंपनीचे, म्हणजे जिथे सुप्रो बनायचे तिथलेच. पेट्या साध्या लाकडी भुशाच्या, कोपरे झिजलेले, पण आवाजाला स्वतःचा स्वभाव. कॅनडाचे ट्रेनर याच्या उलट, दणकट आणि जड. जोरात वाजवणाऱ्यांना ते शोभतात. घरात वाजवायचं असेल तर पन्नास वॉटच्या मागे लागू नका. दहापट वॉट झाले तरी कानाला आवाज साधारण दुप्पटच वाटतो, म्हणजे पाच वॉटचा अ‍ॅम्पही खोली भरून टाकतो.

एक जात टाळायचीच

व्हॉल्व्हच्या नावातला पहिला आकडा साधारणपणे त्याच्या हीटरला (आतल्या तापणाऱ्या तारेला) किती व्होल्ट लागतात ते सांगतो. नेहमीच्या अ‍ॅम्पमध्ये ५, ६, १२ असे आकडे असतात. ५०सी५, ३५डब्ल्यू४ असे मोठे आकडे दिसले आणि आत स्पीकरकडे जाणारा एकच छोटा ट्रान्सफॉर्मर असला, तर त्या पेटीत विजेची तार आणि तुमच्या गिटारच्या तारा यांच्यामध्ये जवळपास काहीच उभं नाही. हीटर एका माळेत ओवून थेट मेन्सला, म्हणजे घरातल्या विजेला, जोडलेले असतात. हे अ‍ॅम्प कवडीमोल मिळतात आणि जीव घेऊ शकतात. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (पेटीला मेन्सपासून वेगळं ठेवणारा) बसवल्याशिवाय त्यांना हात लावू नका. व्होल्ट कमी करणारा साधा कन्व्हर्टर हे काम करत नाही, त्यात बहुतेक वेळा आयसोलेशन नसतंच.

प्लग लावण्याआधी

नाक वापरा. ट्रान्सफॉर्मरजवळ जळकट वास किंवा वितळलेलं मेण दिसलं तर नमस्कार करून निघा. व्हॉल्व्ह, कंडेन्सर, स्पीकर, वायर हे सगळं बदलता येतं. मूळ ट्रान्सफॉर्मर गेला तर खर्च आणि आवाज दोन्ही बिघडतात. मी पैसे मोजतो ते ट्रान्सफॉर्मरसाठी, बाहेरच्या कापडासाठी नाही.

मग टॉर्च लावून स्पीकरची कड बघा. अमेरिकी स्पीकरवर आणि ट्रान्सफॉर्मरवर आकड्यांचा शिक्का असतो. सुरुवातीचे तीन आकडे कारखान्याचे (२२० म्हणजे जेन्सन, ४६५ म्हणजे ऑक्सफर्ड, ६०६ म्हणजे शूमाखर), पुढचे वर्षाचे आणि आठवड्याचे. ६०६-७१५ म्हणजे शूमाखरने त्या दशकातल्या ७ च्या वर्षी पंधराव्या आठवड्यात बनवलेला ट्रान्सफॉर्मर. दशक कोणतं ते मात्र मॉडेलवरून ठरवावं लागतं. अ‍ॅम्पचं सांगितलेलं वर्ष आणि हे आकडे जुळले तर विकणाऱ्याच्या बाकीच्या बोलण्यावरही विश्वास ठेवावासा वाटतो.

चालू करून

स्पीकर जोडलेला आहे याची खात्री करा. स्पीकरशिवाय व्हॉल्व्ह अ‍ॅम्प वाजवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर (स्पीकरकडे जाणारा) जळू शकतो. सगळी बटणं शून्यावर ठेवून चालू करा आणि मिनिटभर नुसतं ऐका. व्हॉल्यूम शून्य असतानाही मोठी घूं येत असेल तर फिल्टर कंडेन्सर (विजेतली घूं गाळणारे) वाळलेत. दुरुस्ती नेहमीची, पण तेवढे पैसे कमी करून मागा. बटण फिरवताना खरखर येते ती धूळ, तिची काळजी नको.

आता एक पेन्सिल घ्या आणि तिच्या रबराच्या टोकाने प्रत्येक व्हॉल्व्हवर हलकी टिचकी मारा. चांगल्या व्हॉल्व्हमधून अगदी बारीक टक येते. घंटेसारखं टणटणलं किंवा शिट्टी सुटली तर तो व्हॉल्व्ह बदलायचा. काचेच्या आतल्या बाजूला निळसर झाक दिसली तर घाबरू नका, ती बहुतेक वेळा निरुपद्रवी असते. आतला करडा पत्रा लालबुंद व्हायला लागला तर मात्र ताबडतोब बंद करा. एवढं ठीक निघालं की वीस मिनिटं वाजवा. काही दोष गरम झाल्यावरच बाहेर येतात, आणि दोन मिनिटांत सौदा उरकण्याची घाई करणारा विकणारा मला कधीच पटलेला नाही.

घेतल्यावर

आधी टेक्निशियनकडे, मग घरी. तीन कामं सांगा: दोन तारांची जुनी केबल काढून अर्थिंगसह तीन तारांची घालणं, मेन्स आणि चेसिस (आतला धातूचा सांगाडा) यांच्यामध्ये असलेला छोटा कंडेन्सर काढणं (तो बिघडला की गिटार हातात घेतल्यावर शॉक बसतो) आणि फिल्टर कंडेन्सर बदलणं. स्वतः उघडू नका. अ‍ॅम्प बंद करून प्लग काढला तरी आतल्या कंडेन्सरमध्ये तीन-चारशे व्होल्ट साठून राहू शकतात.

जिथे वीज २३० व्होल्टची आहे तिथे अमेरिकी अ‍ॅम्पला व्होल्ट उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लागेल. अ‍ॅम्पच्या मागे लिहिलेल्या वॉटच्या (तो किती वीज घेतो त्या, आवाजाच्या वॉटच्या नव्हे) दुप्पट क्षमतेचा घ्या, आणि त्याच्या सॉकेटला अर्थिंगची तिसरी पिन आहे हे बघा. ती नसेल तर केबल बदलून काही साधलं नाही.

वाजवताना

अ‍ॅम्प जमिनीवर ठेवू नका, खुर्चीवर ठेवा. जमिनीवर खर्ज फुगतो आणि वरचे सूर गुडघ्यांशी बोलत राहतात. व्हॉल्यूम हळूहळू वाढवा. एका जागी स्वच्छ आवाज जाड व्हायला लागतो आणि थोडं पुढे फाटतो. ती जागा प्रत्येक पेटीत वेगळी असते. व्हॉल्यूम वाढवला की बेस कमी करा, नाहीतर खालच्या तारा चिखलासारख्या वाजतात. गिटारमध्ये हंबकर (जोरदार सिग्नल देणारे जोड-कॉइलचे पिकअप) असतील आणि आवाज लवकर फाटत असेल तर दुसऱ्या इनपुटला जोडून बघा. अनेक अ‍ॅम्पमध्ये तिथे सिग्नल निम्मा होतो.

मग अ‍ॅम्पला हात लावू नका. त्याला फाटण्याच्या जागेच्या किंचित पुढे ठेवा आणि बाकी सगळं गिटारच्या व्हॉल्यूमवरून करा. १० वर सोलो, ६-७ वर स्वच्छ कॉर्ड. पहिले काही दिवस करंगळी बटण शोधत राहील, पण आठवड्याभरात ती आपोआप तिथे जायला लागेल. आठ इंची स्पीकर बारका वाटला तर चॅम्पला आतल्या स्पीकरऐवजी ४ ओहमची बारा इंची स्पीकरची पेटी बाहेरून जोडा. त्याच पाच वॉटना एवढा खर्ज कुठून आला, असं वाटेल.

वाजवून झालं की लगेच उचलून गाडीत टाकू नका. व्हॉल्व्हमधली गरम तार धक्का सहन करत नाही. पंधरा मिनिटं थंड होऊ द्या, तोवर केबल गुंडाळा.