वाळवंटावरून छोटं विमान नेताय? या चुका टाळा

ऑस्ट्रेलियाच्या मध्य भागातली मित्रांसोबतची विमानसफर मी कुणालाही डोळे झाकून सुचवेन. बर्ड्सव्हिल, विल्यम क्रीक, कूबर पीडी, ॲलिस स्प्रिंग्स, उलुरू हा मार्ग आयुष्यात एकदा तरी उडावा असाच आहे. पण दर मोसमात त्याच चार-पाच चुका करणारी नवी मंडळी भेटतात. लायसन्स ताजं, उत्साह दांडगा आणि मित्रांना ‘नाही’ म्हणायची सवय नाही. या लेखातल्या बहुतेक चुकांचं मूळ त्या न म्हटलेल्या ‘नाही’त आहे.

चार सीट म्हणजे चार माणसं नव्हेत

ही माझ्या सर्वांत जास्त रागाची चूक आहे. उदाहरण म्हणून सेसना 172 एस हे चार आसनी छोटं विमान घ्या. कमाल टेकऑफ वजन 1,157 किलो. रिकामं विमान साधारण 770 किलोच्या आसपास भरतं. उरले 380-390. वापरता येणारं पूर्ण इंधन सुमारे 200 लिटर, म्हणजे 144 किलो. आता माणसं, सामान आणि पाणी मिळून 240 किलोत बसवा. 85 किलोची चार माणसं एकटीच 340 किलो होतात. ती बसवायची तर टाकीत जेमतेम 55-70 लिटर राहतं, ताशी 35 लिटरने दीड-दोन तासांचं. त्यातला अर्धा तास कायद्याने राखीव. वाळवंटात एवढ्यावर कुठेच पोहोचता येत नाही.

मग मंडळी काय करतात? आकडे ‘अंदाजे’ धरतात. कुणी स्वतःचं वजन आठ किलोंनी कमी सांगतं, बॅगा कुणी मोजतच नाही. मी प्रत्येकाला बॅगेसकट वजनकाट्यावर उभं करतो, लाजायचं असेल त्याने लाजावं. आणि कागदावर बसत नसेल तर कमी होतो तो माणूस. पाणी कमी करायचं नाही, इंधनही नाही. तिघं जा, किंवा जास्त भार उचलणारं विमान घ्या, त्याचेही आकडे असेच मांडून.

त्यात उन्हाळ्याची भर. ॲलिस स्प्रिंग्सची धावपट्टी समुद्रसपाटीपासून जवळजवळ 1,800 फुटांवर आहे. पारा 40 अंशांवर गेला की विमानाला ती 5,200 फुटांवर असल्यासारखी वाटते. गरम हवा विरळ असते, त्यामुळे इंजिनाची ताकद सुमारे 15 टक्क्यांनी घटते, प्रोपेलर कमी ओढतो आणि पंखांना उचल मिळवायला जमिनीवर जास्त वेग लागतो. धावपट्टी मात्र तेवढीच असते, त्यातून मऊ मातीची असली तर आणखी वाईट.

एका पशुफार्मच्या कच्च्या पट्टीवर ऑक्टोबरच्या अखेरीस मी सावलीत थांबलो होतो. दुपारचा एक वाजला होता. शेजारच्या विमानात चौघं चढत होते. मागे घडीच्या खुर्च्या, तंबू आणि बर्फ-पेयांनी भरलेला भलामोठा कूलर. मी जाऊन म्हटलं, पहाटेपर्यंत थांबा, नाहीतर सगळ्यांना दोन फेऱ्यांत न्या. पायलट म्हणाला, रात्रीच्या जेवणाचं टेबल आरक्षित आहे. विमान धावत राहिलं, नाक उचललं, चाकं दोनदा सुटली आणि पुन्हा टेकली. थांबण्यासाठी त्याने थ्रॉटल ओढून इंजिनाचा जोर कमी केला तेव्हा फार उशीर झाला होता. पट्टी संपली, कुंपणाची तार तुटली आणि विमान झुडपांत थांबलं. प्रोपेलर वाकला. नशीब, माणसं धडधाकट बाहेर आली. नंतर सामान उतरवलं तेव्हा पिण्याचं पाणी निघालं अर्ध्या लिटरच्या चार बाटल्या.

टेकऑफसाठी माझा नियम साधा आहे. विमानाच्या माहितीपुस्तकात जेवढं अंतर दिलंय त्यात अर्धं आणखी मिळवायचं. पट्टीच्या मध्याला खूण ठरवायची. तिथवर उडण्याच्या वेगाच्या 70 टक्के वेग आला नाही तर थांबायचं. उन्हाळ्यात अकरानंतर मी इंजिन सुरूच करत नाही. घाई करणाऱ्या मित्रांची समजूत काढता येते, गरम हवेची काढता येत नाही.

पाणी आणि बिकन सामानात पुरून ठेवणं

एप्रिल 1929 मध्ये कीथ अँडरसन आणि बॉब हिचकॉक ‘कुकाबुरा’ नावाचं छोटं विमान घेऊन निघाले, बेपत्ता झालेल्या ऑस्ट्रेलियन वैमानिक चार्ल्स किंग्सफोर्ड स्मिथच्या ‘सदर्न क्रॉस’ विमानाच्या शोधात. इंजिन बिघडलं म्हणून त्यांना तनामी वाळवंटात उतरावं लागलं. उतरले सुखरूप, इंजिनही दुरुस्त केलं. पण झुडपांतून पुन्हा उडता आलं नाही, रेडिओ नव्हता, पाणी अगदी थोडं होतं. दोघंही तहानेने गेले. ‘सदर्न क्रॉस’ची मंडळी मात्र जिवंत सापडली. ही गोष्ट मी प्रत्येक प्रवाशाला निघण्याआधी सांगतो, कारण ‘उतरलो की सुटलो’ हा समज त्यानंतरच जातो.

आज मध्य ऑस्ट्रेलियाचा मोठा भाग नकाशावर दुर्गम प्रदेश म्हणून आखलेला आहे आणि तिथे जगण्यापुरतं साहित्य नेणं नियमानेच बंधनकारक आहे. मी माणशी दहा लिटर पाणी नेतो, एका मोठ्या कॅनमध्ये नव्हे, अनेक छोट्या बाटल्यांत. एक फुटली तर बाकी राहतात.

बिकन, म्हणजे संकटात उपग्रहाला इशारा पाठवणारं यंत्र, 406 मेगाहर्ट्‌झचं हवं, जीपीएसवालं, आणि नोंदणी केलेलं. जुन्या 121.5 वाल्यांवर उपग्रहांनी 2009 पासून लक्ष ठेवणं बंद केलंय, तरी कुणीतरी वडिलांच्या काळातलं घेऊन येतंच. आणि ते मागच्या बॅगेत नको, पायलटच्या खिशात. विमानाला आग लागली तर अंगावर असेल तेवढंच तुमचं. उतरल्यावर विमान सोडून चालू लागू नका. वरून विमान दिसतं, माणूस दिसत नाही.

बाकीच्या, थोडक्यात

इंधन असेलच असं धरू नका. आदल्या दिवशी फोन करून ॲव्हगॅस (छोट्या विमानांचं पेट्रोल) आहे का, पंपावर कोणतं कार्ड चालतं आणि तुमच्यासाठी किती लिटर ठेवतील ते विचारा. सप्टेंबरमध्ये बर्ड्सव्हिलच्या शर्यतींच्या दिवसांत तर नक्कीच. पिंपातून भरत असाल तर गाळणी वापरा आणि टाकीच्या तळातून नमुना काढून पाणी तपासा.

काटी थांडा–लेक आयर या खाऱ्या सरोवराच्या पांढऱ्या मिठावर फोटोसाठी विमान खाली आणू नका. मीठ आणि आकाश एकरूप होतं, क्षितिज हरवतं आणि उंचीचा अंदाज साफ चुकतो.

पशुफार्मच्या पट्टीवर परवानगीशिवाय उतरू नका, आणि उतरण्याआधी एकदा वरून फेरी मारून कांगारू, गुरं पाहून घ्या.

विमान बांधायचे दोर आणि खुंट्या स्वतःच्या न्या. संध्याकाळच्या वादळी झोताने उलटलेलं विमान मी पाहिलंय.

शेवटी वेळेचा घोळ. क्वीन्सलँड आणि साउथ ऑस्ट्रेलिया यांच्यात हिवाळ्यात अर्ध्या तासाचा फरक असतो. उन्हाळ्यातही अर्ध्याच तासाचा, पण उलट बाजूने, कारण साउथ ऑस्ट्रेलिया घड्याळ पुढे करतं आणि क्वीन्सलँड करत नाही. म्हणून सार्टाइम (ज्या वेळेपर्यंत तुमची खबर आली नाही तर शोध सुरू होतो ती वेळ) आणि अंधार पडायची वेळ दोन्ही यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत लिहा. नियमाप्रमाणे अंधाराच्या दहा मिनिटं आधी उतरलं तरी चालतं. मी दोन तास आधी उतरतो. तिथे मोबाइलला रेंज नसेल तर सॅटेलाइट फोन जवळ ठेवा, आणि इंजिन बंद झालं की आधी सार्टाइम रद्द करा, फोटो नंतर.