सहावी-सातवीतल्या मुलांचे क्लास : या चुका टाळा

जून उजाडला की आमच्या शाळेच्या फाटकाबाहेर पत्रकं वाटणारी माणसं उभी राहतात. रोबोटिक्स, अबॅकस, स्केटिंग, कराटे, कथ्थक, बुद्धिबळ. शाळा सुटेपर्यंत आयांच्या हातात चार-पाच पत्रकं जमलेली असतात. मी ठाण्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते, आणि पाचवी ते आठवीच्या मुलांचं विज्ञान मंडळ आणि बालनाट्याच्या तालमी गेली अठरा वर्षं बघते. त्यामुळे जूनमध्ये पालक मला विचारतात, "बाई, याला कुठला क्लास लावू?" आणि दिवाळीनंतर त्यांच्यातलेच बरेच जण विचारतात, "बाई, हा आता जायलाच तयार नाही, काय करू?" हा लेख त्या दुसऱ्या प्रश्नासाठी आहे.

तास मोजले, रस्ता मोजला नाही

दोन वर्षांपूर्वी सहावीतला एक मुलगा तालीम चालू असताना विंगेत बसल्या बसल्या झोपला. उठवलं तेव्हा आपण कुठे आहोत हे कळायलाही त्याला वेळ लागला. आईला बोलावलं. तिने पर्समधून घडी घातलेला कागद काढला. रंगीत पेनांनी आखलेलं आठवड्याचं वेळापत्रक होतं ते. सोमवार-बुधवार अबॅकस, मंगळवार-गुरुवार रोबोटिक्स, शुक्रवारी गिटार, शनिवार-रविवार सकाळी क्रिकेट. "तसं जास्त नाही हो बाई, आठवड्याला नऊच तास होतात," ती म्हणाली, आणि तिचा हिशोब बरोबर होता.

मी तिला त्याच कागदावर जाण्या-येण्याचा वेळ लिहायला सांगितला. घर कासारवडवलीला, रोबोटिक्स माजिवड्याला, गिटार नौपाड्यात. संध्याकाळी घोडबंदर रोडवर काय होतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. आणखी आठ तास निघाले. त्या आठ तासांत मुलगा रिक्षात गृहपाठ उरकत होता, वडापाव खात होता आणि पेंगत होता.

सहा ते बारा वर्षांच्या मुलांना रोज ९ ते १२ तास झोप लागते, तेराव्या वर्षापासून ८ ते १०. सकाळच्या सत्राच्या मुलाची व्हॅन साडेसहाला येते, म्हणजे तो पावणेसहाला उठतो. रात्री पावणेनऊला डोळा लागला तर कुठे त्याचे नऊ तास भरतात. म्हणून वेळापत्रक आखताना आधी झोप भरा, मग शाळा, मग जेवण आणि प्रवास, मग खाली उतरून नुसतं खेळण्याचा वेळ. जागा उरली तर तिथे क्लास. आठवड्यातली निदान एक संध्याकाळ पूर्ण कोरी राहू द्या. नाव झालेला पण लांबचा क्लास आणि चालत जाता येईल असा साधा क्लास यांत मी या वयासाठी जवळचाच निवडेन. नवी मुंबईत सेक्टरच्या सेक्टरमध्ये असे क्लास मिळतात, तरी ऐरोलीचं मूल वाशीला आणि नेरुळचं बेलापूरला निघालेलं दिसतं.

त्या आईने मुलालाच विचारलं, कुठले दोन ठेवायचे. त्याने क्रिकेट ठेवलं आणि गिटार. गिटार ठेवेल असं तिला वाटलंच नव्हतं. गिटारचे दुसरे सर घराजवळ शोधले, एवढाच बदल करावा लागला.

दहावीच्या गुणांसाठी पाचवीपासून तयारी

चित्रकला, शास्त्रीय कला, खेळ यांचे दहावीला वाढीव गुण मिळतात एवढं ऐकून पालक क्लास लावतात. नियम मात्र पुरता वाचलेला नसतो. ही सवलत राज्य मंडळाच्या दहावीला आहे. मूल सीबीएसई किंवा आयसीएसईच्या शाळेत असेल तर या सवलतीवर विसंबून काही ठरवू नका. चित्रकलेचे गुण शासकीय रेखाकला परीक्षांतल्या इंटरमिजिएटच्या श्रेणीवर मिळतात, नुसत्या एलिमेंटरीवर नाहीत. आणि शासनाचे नियम अधूनमधून बदलतात, म्हणून शाळेतल्या कलाशिक्षकांना किंवा क्रीडाशिक्षकांना त्या वर्षीचं परिपत्रक विचारा.

यापेक्षा मला जास्त काळजी वाटते ती परीक्षेमागून परीक्षा देत सुटलेल्या मुलांची. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची वास्तू वाशीतच आहे, त्यामुळे आपल्याकडे गाणं, तबला, कथ्थक शिकणाऱ्या बहुतेक मुलांच्या घरी प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा हे शब्द ओळखीचे असतात. परीक्षांनी शिस्त लागते, हे खरं. पण प्रवेशिका पूर्ण झालेल्या मुलीला घरी पाहुण्यांसमोर "एखादं गाणं म्हण" म्हटलं आणि तिला अभ्यासक्रमातल्या बंदिशीपलीकडे एकही गाणं येत नसेल, तर दोन परीक्षांच्या मध्ये एक सत्र मोकळं ठेवा. त्या सत्रात तिच्या आवडीची चार गाणी बसवून द्या असं गुरूंना सांगायला संकोच करू नका. चांगले गुरू हे आनंदाने करतात.

मुलाचा प्रकल्प बाबांच्या हाताने

डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सहावी आणि नववीसाठी असते. लेखी, मग प्रात्यक्षिक, आणि पुढे कृतिसंशोधन प्रकल्प आणि मुलाखत. लेखीची तयारी घोकून होते, प्रकल्पाची होत नाही. तरी प्रकल्पाची वेळ आली की घरात बाबा थर्माकोल कापायला बसतात आणि फाइल कुणाकडून तरी टाइप होऊन येते. मुलाखतीत "हा आकडा कुठून आला?" या पहिल्याच प्रश्नाला मूल अडखळतं.

मागे एका मुलीने कळव्याच्या आपल्या इमारतीतले गळके नळ मोजले. साहित्य काय, तर एक स्टीलचा पेला आणि आजोबांचं घड्याळ. २०० मिलिलिटरचा पेला एका नळाखाली १२ मिनिटांत भरला. म्हणजे तासाला एक लिटर, दिवसाला २४ लिटर. तिने घरोघरी जाऊन हे केलं, दोन घरांनी दार उघडलं नाही हेही वहीत लिहिलं, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी तिच्यासमोरच वॉशर बदलून घेतला त्याची तारीखही. अक्षर गिचमिड होतं. पण कुठल्याही पानावर बोट ठेवा, ती सांगू शकत होती. तुमचं मूल असं काही करत असेल तर तुमचं काम पेला धरायचं. आकडा त्याचा त्याला लिहू द्या.

"कंटाळा आला" याचा अर्थ न शोधणं

कुठलाही क्लास लावल्यावर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मूल हे वाक्य म्हणतंच. यावर घरात दोनच गोष्टी होतात. एक तर "फी भरलीय, वर्ष पूर्ण करायचं" म्हणून ढकलतात, नाहीतर "जाऊ दे, त्याला आवड नाही" म्हणून दुसऱ्याच दिवशी क्लास बंद. दोन्हींत मुलाला काय झालंय ते कळायचं राहून जातं. या वयाची मुलं खरं कारण सहसा आपणहून सांगत नाहीत, कारण ते त्यांना लाजिरवाणं वाटतं.

मला सर्वांत जास्त वेळा सापडलेलं कारण बॅचचं आहे. सातवीतल्या मुलाने नव्याने बुद्धिबळ किंवा कराटे लावलं की त्याला नवशिक्यांच्या बॅचमध्ये टाकतात आणि तिथे सगळी दुसरी-तिसरीतली पोरं. आठ वर्षांचा मुलगा तेरा वर्षांच्या मुलाला हरवतो आणि खो-खो हसतो. घरी येऊन हा म्हणतो, कंटाळा आला. खेळ बदलायची काही गरज नसते, बॅच बदलून घ्यायची असते. क्लास लावतानाच "बॅचमध्ये किती वर्षांची मुलं आहेत?" हे विचारा.

दुसरं कारण म्हणजे अडकलेली पायरी. पहिले तीन महिने रोज काहीतरी नवं येत असतं. मग तबल्यावर कायदा (बोलांची ठरलेली रचना) वाजवताना लय वाढवली की हात अडकतो, किंवा कथ्थकची चक्कर घेताना तोल जातो, आणि आठवडेच्या आठवडे काही पुढे सरकत नाही. इथे मुलाला फक्त एवढं सांगावं लागतं की हे सगळ्यांचंच होतं. गुरूंशी बोलून तो एकच तुकडा लहान करून मागा. आणि घरी रोज पंधरा मिनिटं रियाज, बस. रविवारी दोन तास बसवण्यापेक्षा रोजची पंधरा मिनिटं हाताला जास्त देतात.

तिसरं कारण माणसांचं. सर सगळ्यांसमोर टोचून बोलतात, कुणीतरी चिडवतं, मैत्रिणीने क्लास सोडला. हे काढून घ्यायचं तर समोरासमोर बसवून विचारू नका. गाडीवर मागे बसलेलं असताना, नाहीतर मटार सोलताना विचारा. डोळ्याला डोळा नसला की मुलं बोलतात, हा माझा अनुभव आहे.

आणि कधी कधी खरंच आवड संपलेली असते. तेव्हा सोडू द्या, पण मध्येच नको. लावतानाच ठरवलेलं असावं की दिवाळीपर्यंत जायचं आणि मग पुन्हा बोलायचं. त्यासाठीच वर्षाची फी सवलत मिळते म्हणून एकरकमी भरू नका, तिमाही भरा. ते वाचवलेले पैसे पुढे घरातल्या भांडणाचा विषय होतात.

शरीर बदलतंय, याचा हिशोबच नाही

पाचवीत लावलेला क्लास आठवीपर्यंत चालतो, पण मूल तेच राहत नाही. मुलग्यांचा आवाज साधारण बारा ते चौदाच्या दरम्यान फुटतो. काळी चारच्या उंच पट्टीत सुरेल गाणारा मुलगा अचानक वरच्या सुरांवर चिरकतो आणि गाणंच सोडून देतो. त्या काळात पट्टी उतरवा, आवाज मोकळा राहील एवढंच हलक्या आवाजात गाऊ द्या, स्पर्धा नकोत. हार्मोनियम, ताल, ऐकणं हे चालू ठेवा. आवाज स्थिर होतो, आणि तोवर कान तयार राहतो.

खेळणाऱ्या मुलांना याच वयात गुडघ्याच्या वाटीखाली किंवा टाचेत दुखायला लागतं. हाडं झपाट्याने वाढत असतात आणि स्नायूंच्या ताणाने वाढीच्या जागा दुखावतात. "खेळता खेळता बरं होईल" म्हणून दामटू नका. डॉक्टरांना दाखवा आणि विश्रांती द्या. क्रीडावैद्यकातला एक ठोकताळा लक्षात ठेवण्यासारखा आहे : एकाच खेळाचा सराव आठवड्याला मुलाच्या वयाइतक्या तासांहून जास्त नको आणि आठवड्यात निदान एक दिवस पूर्ण सुट्टी. बारा वर्षांच्या मुलाला बारा तास म्हणजे बारा, स्पर्धेच्या महिन्यातसुद्धा.

आणि मुली. सहावी-सातवीत पोहणं, जिम्नॅस्टिक्स, मैदानी खेळ सोडणाऱ्या मुलींना मी कारण विचारते तेव्हा त्या "अभ्यास" म्हणतात. पाळी सुरू झालेली असते, पोशाख घट्ट वाटतो, कोच पुरुष असतात, सांगायचं कसं कळत नाही. माझ्या नाट्यमंडळातल्या एका मुलीने पांढऱ्या पोशाखामुळे भूमिका सोडली होती आणि मला ते पुढच्या वर्षी कळलं. तेव्हापासून आमच्या रंगपेटीत पॅडचं पाकीट असतं आणि पोशाखाचा रंग मुलींना विचारून ठरतो. क्लास घेणाऱ्यांशी आईने एकदा सरळ बोलून ठेवावं : त्या दिवसांत तिला काय करायचं, काय नाही, हे तीच ठरवेल आणि तिला कारण विचारलं जाणार नाही. एवढ्यावर कितीतरी मुली टिकतील.

प्रत्येक आवडीला क्लास लागतो?

नाही लागत. ठाण्याची खाडी २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ मध्ये तिला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा मान मिळाला. हिवाळ्यात सुट्टीच्या दिवशी पक्षी बघायला ऐरोलीला जा, सोबत एक वही आणि असली तर दुर्बीण. ओवळ्याच्या फुलपाखरू बागेत दोन तास बसा. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे, तिथे मुलाला नुसतं पुस्तकांत फिरू द्या. शाळेलाही विचारा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना १० दिवस सुचवले आहेत, ज्यांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांकडे शिकावं. तुमच्या शाळेत ते दिवस होतात का, आणि फक्त चित्रफीत दाखवून होतात का, हे पालकसभेत उभं राहून विचारा.

सुरक्षितता गृहीत धरू नका

क्लास कितीही ओळखीचा असो, पहिल्या महिन्यात एकदा न सांगता वेळेआधी जाऊन बघा. दार उघडं किंवा काचेचं आहे का, शिक्षकाखेरीज दुसरं मोठं माणूस असतं का, एकट्या मुलाला जादा तासासाठी थांबवतात का. तरणतलावावर जीवरक्षक पाण्याकडे बघतो की मोबाइलकडे. मुलाला न्यायला कोण येणार हे क्लासला लिहून द्या. मूल एखाद्या ठिकाणी जायला घाबरत असेल तर आधी क्लास थांबवा, चौकशी नंतर.

"आठवीला सगळं बंद"

मार्चमध्ये हे वाक्य दर वर्षी ऐकते. नववी-दहावी जवळ आली, आता फक्त अभ्यास. चार वर्षं रोज तबल्यावर बसणाऱ्या मुलाचा तबला एका दिवसात कपाटावर जातो आणि मोकळा झालेला तास अभ्यासाकडे न जाता मोबाइलकडे जातो, हे मी अनेक घरांत पाहिलं आहे. बंद करू नका, कमी करा. परीक्षा आणि स्पर्धा थांबवा, घरचा वीस मिनिटांचा रियाज ठेवा. गुरूंना किंवा कोचना स्वतः भेटून महिन्यातून चार तासांची वेळ मागा. बऱ्याच ठिकाणी अशी सोय करून देतात, पण मागितल्याशिवाय कुणी सुचवत नाही.