ॲमेझॉनचा शेअर घेण्याआधी विभागवार हिशेब बघा

ॲमेझॉनच्या विक्रीचा अवाढव्य आकडा बघून भुलू नका. वार्षिक अहवालात विभागवार हिशेब असतो, थेट तिथे जा. 2023 मध्ये एकूण विक्री सुमारे 575 अब्ज डॉलर. त्यात एडब्ल्यूएस या क्लाउड व्यवसायाचे, म्हणजे इतर कंपन्यांना इंटरनेटवरून सर्व्हर भाड्याने देण्याचे, जेमतेम 91 अब्ज. पण जवळपास 37 अब्जांच्या ऑपरेटिंग नफ्यातले (व्याज आणि कर धरण्याआधीचा, मूळ धंद्यातला नफा) साडेचोवीस अब्ज त्यानेच मिळवून दिले. उत्तर अमेरिकेबाहेरची दुकानदारी तर चक्क तोट्यात होती! म्हणजे शेअर दुकानाचा म्हणून घ्यायचा आणि भिस्त मात्र सर्व्हरच्या भाड्यावर.

निव्वळ नफाही जपूनच वाचा. 2022 चा 2.7 अब्जांचा तोटा बघून दचकायला होतं. पण त्या वर्षी रिव्हियन या इलेक्ट्रिक गाड्यांच्या कंपनीतल्या गुंतवणुकीचं मूल्यच 12.7 अब्जांनी घसरलं होतं. धंद्याशी त्याचा फारसा संबंध नाही.

मला स्वतःला कॅश फ्लोचं पान जास्त बोलकं वाटतं. कामकाजातून आलेल्या रोकडीतून गोदामं आणि डेटा सेंटरवरचा खर्च वजा करा: 2022 मध्ये उत्तर उणे येतं, 2023 मध्ये चांगलं अधिक. फायनान्स लीजच्या (म्हणजे जवळपास कर्जासारख्या दीर्घ भाडेकराराच्या) मुद्दलाचे हप्ते मात्र यात धरलेले नसतात, तेही वजा करून बघा.