लोऊ ये यांचे चित्रपट: आधी कोणता, नंतर कोणता

वर्षांच्या क्रमाने जाऊ नका. चिनी दिग्दर्शक लोऊ ये (जन्म १९६५, शांघाय) शहरातल्या प्रेमाची तीच गाठ पुन्हा पुन्हा सोडवायला घेतात, तेव्हा जिथे ती सर्वांत मोकळी दिसते तिथून शिरावं.

सुरुवात 'सुझोऊ रिव्हर'ने (२०००). ८३ मिनिटं, एका बैठकीत. निवेदक व्हिडिओग्राफर आहे, त्याचा चेहरा दिसत नाही. कॅमेरा हेच त्याचे डोळे. झोऊ शुन दोन मुलींच्या भूमिकांत आहे. त्या दोघी एकच का, याचा छडा लावायला गेलात की चित्रपट हातचा गेला. त्याऐवजी प्रत्येक प्रसंगाला विचारा: हे सांगणाऱ्याने स्वतः पाहिलंय, की ऐकीव माहितीला तिखटमीठ लावलंय? नदीत उडी मारलेल्या मुलीची गोष्ट बरीचशी दुसऱ्या प्रकारातली आहे.

मग 'मिस्टरी' (२०१२): वुहान शहर, एक नवरा, दोन संसार. कुणाला कधी किती कळलं, याचा हिशेब ठेवा. चीनमधल्या प्रदर्शनाच्या तोंडावर काटछाट सांगितली गेली, तेव्हा लोऊ ये यांनी तिथल्या प्रतीवरून दिग्दर्शक म्हणून आपलं नाव काढलं. म्हणून श्रेयनामावली आधी पाहा. नाव नसेल तर ती प्रत सोडा.

'समर पॅलेस' (२००६) तिसरा, सुमारे १४० मिनिटांचा. १९८९च्या बीजिंगमधल्या विद्यार्थी आंदोलनानंतर पात्रं पांगतात, बर्लिनपर्यंत जातात, आणि बहुतेकांचा धीर इथेच सुटतो. मध्यंतर घ्यायचंच तर त्याआधी घ्या. पांगल्यानंतरचा रेंगाळलेला वेळ सलगच अंगावर यायला हवा. चिनी सरकारच्या परवानगीविना फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात दाखवल्याबद्दल लोऊ ये यांच्यावर चित्रपट करायला ५ वर्षांची बंदी आली.

त्या बंदीतच 'स्प्रिंग फीव्हर' (२००९) नानजिंगमध्ये छोट्या डिजिटल कॅमेऱ्यावर चोरून चित्रित झाला. अंधारे प्रसंग खूप आहेत. टीव्हीचा ब्राइटनेस चढवलात तर काळोख राखाडी होतो आणि चेहरे आणखीच सपाट दिसतात. खोलीतला दिवा घालवा, तेवढं पुरतं. कॅमेरा हातातला, हलता. गरगरत असेल तर खुर्ची मागे घ्या.

'ब्लाइंड मसाज'ला (२०१४) हेडफोन हवेतच. अंध मालिशवाल्यांच्या या कथेत श्रेयनामावलीसुद्धा वाचून दाखवली जाते. चित्र मध्येच धूसर होतं तो प्रतीचा दोष नाही. झेंग जियान यांच्या या छायाचित्रणाला बर्लिन चित्रपट महोत्सवाचं 'रौप्य अस्वल' हे पारितोषिक मिळालं आहे.

'पर्पल बटरफ्लाय' (२००३) १९३०च्या दशकातल्या शांघायचा. तो सवडीने.