लेमन लॉ: कंपनीच्या साक्षीदाराची जबानी घेताना या चुका टाळा

गाडी चौथ्यांदा डीलरकडून परत आली आणि बिघाड तोच. कॅलिफोर्नियात अशा वेळी १९७० च्या साँग-बेव्हर्ली कायद्याखाली, म्हणजे वॉरंटीत वारंवार बिघडणाऱ्या गाड्यांसाठीच्या 'लेमन लॉ'खाली, दावा लावता येतो. कंपनीने जाणूनबुजून कायदा मोडला हे सिद्ध झालं, तर नुकसानीच्या दुपटीपर्यंत दंडही मिळू शकतो. पण हे 'जाणूनबुजून' दुरुस्तीच्या कागदांत सापडत नाही. गाडी परत घ्यायची नाही हे कुणी आणि कशावरून ठरवलं, ते कंपनीच्या माणसालाच शपथेवर विचारावं लागतं. ही जबानी, म्हणजे डिपॉझिशन, सोडून देऊ नका.

पहिली चूक नोटिशीतच होते. जबानीची नोटीस कंपनीच्या नावाने जाते, तिच्यात कशाबद्दल विचारणार ते विषय लिहायचे असतात आणि त्या विषयांची सर्वात जास्त माहिती असलेला माणूस कंपनीच पाठवते. त्यामुळे विषय नेमके हवेत. 'गाडीतले सर्व दोष' असं मोघम लिहिलंत, तर हरकत घ्यायला आयतं कारण मिळतं. 'या गाडीच्या वॉरंटीतल्या दुरुस्त्या' किंवा 'ही गाडी परत घेण्याबाबतचा निर्णय' असं लिहा. नोटीस जबानीच्या किमान १० दिवस आधी द्यावी लागते. ईमेलने पाठवली तर कोर्टाच्या कामकाजाचे आणखी २ दिवस धरा.

सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो कंपनीच्या हरकतीच्या पत्रानंतर. 'तारीख आम्हाला न विचारता ठरवली, दोघांच्या सोयीची तारीख कळवू,' असं उत्तर येतं आणि ती तारीख काही येत नाही. ग्राहकाचा वकील वाट बघत बसतो. बसू नका. हरकत जबानीच्या ३ दिवस आधी लेखी आली होती का ते तपासा, कारण नोटिशीतल्या चुकांवरचा आक्षेप उशिरा आला तर तो टिकत नाही. मग पत्र लिहून मुदत घालून तारखा मागा आणि प्रत्येक विषयावरच्या हरकतीला वेगळं उत्तर द्या. साक्षीदाराने जबानी द्यावी असा सक्तीचा आदेश कोर्टाकडे अर्ज करून मागताना हीच पत्रं तुमच्या बाजूने बोलतात. साक्षीदार आलाच नाही, तर का आला नाही हे विचारल्याचं प्रतिज्ञापत्र अर्जाला जोडावंच लागतं. हे एक पान राहिलं म्हणून अर्ज अडकू नये.

अर्ज कुठल्या कलमाखाली करता, तेही बघा. साक्षीदार आला नाही तर कॅलिफोर्नियाच्या दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम २०२५.४५०. आला, पण उत्तर द्यायला नकार दिला तर २०२५.४८०, आणि तिथे जबानीची नोंद पूर्ण झाल्यापासून ६० दिवसांची मुदत असते. कागदपत्रंही मागत असाल तर ती का हवीत याची ठोस कारणं आणि कॅलिफोर्निया कोर्टाच्या नियम ३.१३४५ प्रमाणे प्रत्येक मागणी, तिला आलेलं उत्तर आणि तुमची कारणं मांडणारं वेगळं निवेदन लागतं.

तारखांचा हिशेब उलटा, खटल्यापासून मागे करा. चौकशीचा टप्पा (डिस्कव्हरी, म्हणजे दोन्ही बाजूंनी एकमेकांकडून माहिती आणि पुरावे मिळवण्याचा काळ) खटल्याच्या ३० दिवस आधी संपतो आणि असे अर्ज १५ दिवस आधीपर्यंतच ऐकले जातात. अर्जाची नोटीस सुनावणीच्या तारखेपूर्वी कोर्टाच्या कामकाजाचे १६ दिवस आधी द्यावी लागते. गर्दीच्या कोर्टात सुनावणीची तारीख लांबची मिळते, म्हणून ती आधीच घेऊन ठेवा.

आणि जबानी तुमचीही होणार आहे. सुट्टीत पुण्याला जाणार असाल, तर तिकीट काढायच्या आधी वकिलाला कळवा. तुम्ही गैरहजर राहिलात तर कंपनीही कलम २०२५.४५० खालीच तुमच्याविरुद्ध अर्ज करू शकते.