टोल, व्हीजीएफ की हॅम? रस्ता खासगी भागीदारीत देण्याआधीचं गणित

निविदेचा मसुदा उघडण्याआधी एक गोष्ट ठरवा: वाहनं कमी आली तर खड्डा कोणाच्या खिशाला? बीओटीत (कंत्राटदाराने रस्ता बांधायचा, टोलमधून पैसे वसूल करायचे आणि मुदतीनंतर रस्ता सरकारला परत द्यायचा) कंत्राटदाराच्या, हॅममध्ये (हायब्रिड अ‍ॅन्युइटी मॉडेल: सरकार काही पैसे काम चालू असताना आणि उरलेले नंतर हप्त्यांनी देतं) सरकारच्या.

हे ठरतं वाहनमोजणीवरून. सलग सात दिवस, चोवीस तास, आठवडी बाजाराचा दिवस धरून मोजा. ऊसतोडणीच्या हंगामात मोजणी झाली असेल तर पावसाळ्यात परत करा. आकडा पीसीयूत (पॅसेंजर कार युनिट, म्हणजे प्रत्येक वाहन किती कारइतकं धरायचं ते माप) येतो आणि फसगत तिथेच होते. कार 1, दुचाकी 0.5, ट्रॅक्टर-ट्रॉली 4.5. म्हणजे 4,000 दुचाकी आणि 400 ट्रॅक्टर-ट्रॉल्या मिळून 3,800 पीसीयू. रस्ता किती रुंद हवा हे ठरवायला आकडा ठीक, पण राष्ट्रीय महामार्गावर या दोघांनाही टोल नसतो. कर्जफेडीच्या हिशेबात किंमत शून्य. टोल भरणारी वाहनं प्रकारवार वेगळी काढा. दरवाढही नियमानेच मांडा: ठरलेले 3 टक्के, अधिक घाऊक महागाईवाढीचा 40 टक्के हिस्सा. महागाई 6 टक्के असेल तर टोल 5.4 टक्के वाढतो.

एवढ्यात कर्ज आणि देखभाल भागत असेल तर सरळ बीओटी. थोडं कमी पडत असेल तर व्हीजीएफ, म्हणजे ती तूट भरणारं सरकारी अनुदान (व्हायबिलिटी गॅप फंडिंग): प्रकल्पखर्चाच्या 20 टक्क्यांपर्यंत केंद्र, आणखी 20 टक्क्यांपर्यंत राज्य किंवा प्राधिकरण. सर्वांत कमी अनुदान मागेल त्याला काम. मात्र त्याने स्वतःचं भागभांडवल आधी खर्चायचं. मुंबईच्या वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रोला 650 कोटींचा असाच आधार मंजूर झाला होता.

त्यानेही भागत नसेल तर 2016 पासूनचं हॅम. 1,000 कोटींच्या बोलीत 400 कोटी कामाच्या प्रगतीप्रमाणे मिळतात, उरलेले 600 कोटी 15 वर्षांत 30 सहामाही हप्त्यांनी, व्याजासह. टोल सरकारचा, म्हणून हप्त्यांची तरतूदही सरकारनेच करायची.

काम अडतं ते जमिनीपाशी. राष्ट्रीय महामार्ग कायद्याच्या कलम 3-डीची (भूसंपादनाची) अधिसूचना निघाली की कागदावर जमीन सरकारची होते. ताबा मात्र मोबदला जमा केल्याशिवाय घेता येत नाही. 80 टक्के जमीन हाती आली म्हणून काम सुरू करताना उरलेली 20 टक्के नकाशावर कुठे आहे ते पाहा. ती पुलाच्या दोन्ही टोकांना असेल तर मधला पूल बांधून उपयोग नाही.

आणि टोलमाफीचं कलम विसरू नका. महाराष्ट्रात 2015 मध्ये राज्याच्या अनेक नाक्यांवर कार आणि एसटीला, 2024 मध्ये मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना माफी मिळाली. भरपाई कोणत्या सूत्राने द्यायची ते करारातच लिहा आणि वरची प्रकारवार मोजणी त्याला जोडा. नाहीतर किती कार जात होत्या, यावरच पहिला वाद उभा राहतो.